शस्त्रक्रिया मोफत झाली, आता वायर, बॅटरी आणि मॅपिंगचे बोलूया

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, शालेय शिक्षण विभाग
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय: कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलांच्या यंत्राची देखभाल, सुटे भाग, मॅपिंग (प्रत्येक मुलाला जुळेल अशी यंत्राची विजेची पातळी बसवणे) आणि शाळेतील सोयी यांबाबत

महोदय, महोदया,

ऐकू न येणाऱ्या लहान मुलांची कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऐकण्यासाठी कानात विजेवरचे यंत्र बसवण्याची, शस्त्रक्रिया आज दिव्यांगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होऊ शकते. एडिपचे हे काम पाहणारी मध्यवर्ती संस्था आपल्याच वांद्र्यात आहे: अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. मजुरीवर चालणाऱ्या घरातल्या मुलाला काही लाखांचे यंत्र मिळते ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांनी त्यासाठी फायली पुढे सरकवल्या, त्यांच्याबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे.

हे पत्र त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. दोन ते चार आठवड्यांनी जखम भरली की यंत्र पहिल्यांदा चालू करतात, त्याला सगळे ‘स्विच ऑन’ म्हणतात. तिथून पुढे मूल जागे असेपर्यंत ते यंत्र त्याच्या डोक्यावर चालू असावे लागते, आणि हे आयुष्यभर. ते चालू ठेवणाऱ्या वस्तू लहान आहेत: वायर, कॉईल, बॅटरी, मायक्रोफोनचे कव्हर, ओल शोषणारी डबी. वॉरंटी संपल्यावर या वस्तू कोणत्या योजनेतून मिळतील, असे पालकांनी जिल्ह्याच्या ठिकाणी विचारले, तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जावे लागते. या वस्तूंची जबाबदारी एका विभागाच्या नावावर लिहून द्या, ही आमची मागणी आहे. ती का, हे यंत्र कसे चालते आणि कुठे अडते ते सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

यंत्राचा एक भाग कानामागे त्वचेखाली बसवलेला असतो. त्यात लोहचुंबक आणि रिसीव्हर असतो, आणि त्यातून निघालेली इलेक्ट्रोडची बारीक तार अंतर्कर्णातल्या शंखात जाते. कंपनीनुसार त्या तारेवर १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात. निरोगी कानात याच कामासाठी आवाज टिपणाऱ्या सुमारे ३,५०० आंतरकेशपेशी असतात. त्यामुळे इम्प्लांटमधून येणारा आवाज वेगळा असतो आणि मेंदूला तो शिकावा लागतो. दुसरा भाग बाहेरचा: कानावर अडकवलेला प्रोसेसर, त्याची बॅटरी, वायर, आणि चुंबकामुळे डोक्याला चिकटणारी गोल कॉईल. घरोघरी या सगळ्याला ‘मशीन’च म्हणतात. आतल्या भागाला स्वतःची बॅटरी नसते. वीज आणि आवाजाची माहिती, दोन्ही कॉईलमधून रेडिओलहरींनी त्वचेपलीकडे पोहोचतात. म्हणून कॉईल सुटली, वायर तुटली किंवा बॅटरी संपली की आवाज नुसता कमी होत नाही, पूर्ण थांबतो. साध्या श्रवणयंत्राच्या मुलाला यंत्र काढल्यावर थोडेफार ऐकू येत असते. इम्प्लांटच्या मुलाला बहुधा तेवढेही राहत नाही.

सगळ्यात जास्त बिघडते ती वायर. काही नव्या प्रोसेसरमध्ये सगळे एकाच बटणात असते आणि वायर नसते, पण योजनेतून यंत्र मिळालेल्या कितीतरी मुलांकडे कानामागचे, वायरवालेच यंत्र आहे. वायर मधोमध क्वचित तुटते. ती तुटते दोन्ही टोकांना, जिथे ती प्रोसेसरमध्ये आणि कॉईलमध्ये शिरते तिथे. कारण बहुतेक वेळा एकच: मशीन काढताना मूल, किंवा घाईत असलेला मोठा माणूस, कॉईलला न धरता वायरला धरून ओढतो. रात्री डबीत ठेवताना वायर घट्ट गुंडाळली तरी तेच होते. बाहेरचे आवरण शाबूत दिसते आणि आतली तार अर्धवट तुटलेली असते. मग आवाज येतो-जातो. मान एका बाजूला वळवली की येतो, दुसरीकडे वळवली की जातो. मूल लहान असेल तर ते सांगू शकत नाही. ते गप्प होते, समोरच्याच्या ओठांकडे टक लावून पाहते, आणि काहीही विचारले तरी मान डोलावते. शिक्षकांना वाटते लक्ष नाही, घरच्यांना वाटते हट्ट करते आहे.

निदान सोपे आहे, पण त्यासाठी हाताशी एक चांगली वायर लागते. आधी बॅटरी नवी घालायची. मग बॅटरीची टोके कोरड्या कापडाने पुसायची. तरी आवाज नाही, तर चांगली वायर लावून बघायची. तरी नाही, तर चांगली कॉईल. मग प्रोसेसरचा प्रोग्राम आणि आवाजाची पातळी कुणी चुकून बदलली आहे का ते बघायचे, आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर बिघडला असे म्हणायचे. हा क्रम कोणत्याही विशेष शिक्षकाला एका दुपारी शिकवता येतो. अडचण अशी की तालुक्याला ‘चांगली वायर’ नसते. मग काही हजारांच्या वायरीसाठी अख्खे यंत्र कुरिअरने शहरात जाते, आणि परत येईपर्यंत मूल शांततेत असते. भाषा शिकण्याची पहिली तीन-साडेतीन वर्षे सर्वांत मोलाची असतात. त्यातले तीन आठवडे वायरीपायी गेले, तर ते पुढे कितीही थेरपी दिली तरी तसेच्या तसे भरून येत नाहीत.

एका कंपनीची वायर दुसरीला चालत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची चालेलच असेही नाही, आणि वायरीची लांबीही वेगवेगळी असते. म्हणून ‘तालुक्याला वायरी द्या’ एवढे म्हणून काम होणार नाही. प्रत्येक जिल्ह्याने आपल्या मुलांची नोंदवही आधी तयार करावी: मूल, शस्त्रक्रियेचा दिनांक, उजवा कान की डावा, आतल्या इम्प्लांटचे मॉडेल, प्रोसेसरचे मॉडेल, वायरीची लांबी, कॉईलच्या चुंबकाचा क्रमांक, वॉरंटी संपण्याचा दिनांक. ही माहिती प्रत्येक मुलाच्या इम्प्लांट कार्डावर आणि मॅपिंगच्या कागदावर असते. ती एकत्र झाली की कोणत्या जिल्ह्याने कोणते सुटे भाग किती ठेवायचे हे आपोआप ठरते. आमच्या अनुभवाने लहान मुलामागे वर्षाला किमान एक जादा वायर गृहीत धरावी. कॉईल त्यापेक्षा कमी लागते, पण ती महाग असते, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येक मॉडेलची एक तरी असावी.

आता बॅटरी. दोन प्रकार आहेत. वापरून टाकायच्या झिंक-एअर बॅटऱ्या ६७५ आकाराच्या असतात, पण दुकानात श्रवणयंत्रासाठी मिळणारी साधी ६७५ इम्प्लांटला पुरत नाही. इम्प्लांटला जास्त प्रवाह लागतो. त्यासाठी ‘इम्प्लांट’ किंवा ‘पी’ असे लिहिलेल्या बॅटऱ्या घ्याव्या लागतात. साधी बॅटरी घातली की मशीन चालू होते, थोड्या वेळाने बंद पडते आणि दोष मशीनला जातो. कानामागच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन बॅटऱ्या लागतात आणि त्या दोन-तीन दिवस पुरतात. म्हणजे एका मुलाला महिन्याला साधारण २० ते ३० बॅटऱ्या. मजुरी करणाऱ्या घराला हा खर्च दर महिन्याला सोसत नाही. मग ‘शाळेपुरते लावू, घरी राहू दे’ असे सुरू होते, आणि ज्या घरात भाषा ऐकायची त्याच घरात मूल बहिरे राहते.

या बॅटरीला हवा लागते. वरचा स्टिकर काढल्यावर तीन-चार मिनिटे ती तशीच उघडी ठेवावी, मग घालावी, म्हणजे ती जास्त टिकते. स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचत नाही. दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदलाव्यात, एक जुनी आणि एक नवी असे करू नये. कोकणात पावसाळ्यात त्या ओल धरतात, चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात त्यांच्यातला ओलावा सुकतो. दोन्हीकडे त्या पाकिटावरच्या हिशेबापेक्षा लवकर संपतात, आणि खरेदीचे प्रमाण ठरवताना हे लक्षात घ्यावे लागेल. रिकाम्या बॅटऱ्या लहान भावंडांच्या हाती लागता कामा नयेत. बॅटरी गिळली तर उलटी करवायची नाही, थेट दवाखान्यात न्यायचे. हे वाक्य मराठीत छापून प्रत्येक पाकिटासोबत द्यावे.

चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी सोयीची, पण ती रोज चार्ज करावी लागते. जिथे संध्याकाळी वीज जाते तिथे एकाच चार्ज बॅटरीवर मूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचत नाही. किमान दोन हव्यात. वर्ष-दोन वर्षांच्या रोजच्या वापरात तिची क्षमता उतरते. मग ‘पूर्वी दिवसभर चालायची, आता दुपारी बंद पडते’ अशी तक्रार येते. हा बिघाड नाही, झिजणे आहे, आणि झिजलेली बॅटरी बदलून देण्याची तरतूद हवी.

ओल हा तिसरा शत्रू. महाराष्ट्रात घाम आहे, पाऊस आहे, आणि डोक्याला तेल लावायची पद्धत आहे. खोबरेल तेलाचा थर कॉईलवर बसतो, मायक्रोफोनच्या बारीक जाळीत जातो, आणि हळूहळू ‘स’ आणि ‘श’ हे आवाज आधी नाहीसे होतात. तेल लावायला आमचा विरोध नाही. रात्री मशीन काढल्यावर लावावे, सकाळी डोके कोरडे पुसून मग मशीन लावावे. मायक्रोफोनचे कव्हर साधारण तीन महिन्यांनी बदलायचे असते. किमतीला किरकोळ असलेली ही वस्तू पालकांना मिळतच नाही, म्हणून वर्षानुवर्षे तेच कव्हर राहते.

रात्री मशीन सुकवायलाच हवे. विजेवर चालणारा ड्रायर चांगला, पण तो नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरते. बॅटरी काढून ठेवायची (झिंक-एअर बॅटरी सुकवणीत ठेवली तर तीच खराब होते), मशीन कोरड्या कापडाने पुसायचे आणि डब्यात रात्रभर ठेवायचे. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर कोरड्या तव्यावर भाजून पुन्हा वापरता येतात, मात्र तो तवा स्वयंपाकाचा नसावा आणि दाणे मुलांपासून दूर ठेवावेत. तांदळात मशीन ठेवू नये, त्याची पूड जाळीत जाते. मशीन पावसात भिजले तर ते चालू करून बघण्याचा मोह आवरावा: बॅटरी काढावी, झटकावे, पुसावे, आणि निदान एक रात्र सुकू द्यावे. केस सुकवायचा गरम ड्रायर लावू नये. होळीला, पोहताना आणि आंघोळीला मशीन काढूनच ठेवावे. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवरून घसरताना स्थिर वीज तयार होते, तेव्हाही काढून ठेवलेले बरे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या, स्थिर वीज तयार करणाऱ्या व्हॅन डी ग्राफ जनित्रापासून तर मुलाला दूरच ठेवावे.

कॉईलच्या चुंबकाबद्दल कमी बोलले जाते. तो फार जोरदार असला तर कॉईलखालची त्वचा लाल होते, दुखते आणि पुढे फाटूही शकते. फार हलका असला तर कॉईल सारखी पडते. मूल वाढते, केस दाट होतात, त्वचा जाड होते, आणि लागणारा चुंबक बदलतो. दर आठवड्याला कॉईलखालची जागा बघावी. लाली दिसली तर मशीन काही तास काढावे आणि मॅपिंग केंद्राला विचारून हलका चुंबक घ्यावा. त्यासाठी वेगवेगळ्या ताकदीचे चुंबक जिल्ह्यात असावे लागतात, मुंबईहून मागवण्यात महिना जाऊ नये.

मॅपिंग म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती विजेपासून ऐकू येऊ लागते आणि किती विजेला आवाज मोठा पण सुसह्य वाटतो, या दोन मर्यादा बसवणे. बसवलेल्या मर्यादांच्या संचाला ‘मॅप’ म्हणतात. सुरुवातीच्या महिन्यांत ते वारंवार करावे लागते, पहिल्या वर्षानंतर साधारण सहा महिन्यांनी, पुढे वर्षाला एकदा. मूल बदलते तशा मर्यादा सरकतात. जुना मॅप घेऊन वर्षानुवर्षे फिरणारे मूल ऐकते, पण अस्पष्ट ऐकते. मर्यादा जास्त बसल्या असतील तर मूल मशीन काढून टाकते किंवा मोठ्या आवाजाला त्याचा डोळा किंवा गाल फडफडतो. ही खूण शिक्षकाने वहीत लिहून दिली तर ऑडिओलॉजिस्टचे (श्रवणतज्ज्ञाचे) अर्धे काम होते.

मॅपिंगची केंद्रे मोठ्या शहरांत आहेत. धडगाव किंवा भामरागडच्या कुटुंबाला एका मॅपिंगसाठी येणे-जाणे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी असा खर्च येतो. एसटीची सवलत तिकिटाला मिळते, बुडालेल्या दिवसांना मिळत नाही. यावर उपाय आहे. मॅपिंगचे सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप आणि प्रोसेसरला जोडायची उपकरणे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ठेवली, मुलाजवळ प्रशिक्षित माणूस बसला आणि ऑडिओलॉजिस्ट दूरवरून स्क्रीनवर काम करू लागला, तर नेहमीचे बरेचसे मॅपिंग जिल्ह्यातच होऊ शकते. नवी शस्त्रक्रिया, गुंतागुंत, चेहरा फडफडणे, अचानक ऐकू न येणे अशी मुले शहरात पाठवावीत. मॅपची प्रत केंद्राने जपावी, आणि कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात गेले तर ती मुलामागे जावी. ऊसतोडणीला जाणाऱ्या घरांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे.

यंत्र दुरुस्तीला गेले की मुलाला तात्पुरता प्रोसेसर द्यावा लागतो, आणि त्यात त्या मुलाचाच मॅप भरावा लागतो. एका मुलाचे मशीन दुसऱ्याच्या डोक्याला लावून ‘चालते का’ बघणे धोक्याचे आहे. दुसऱ्याच्या मॅपमधला प्रवाह या मुलाला असह्य होऊ शकतो. दोन भावंडांना इम्प्लांट असेल तर मशीनवर नाव आणि रंगीत चिकटपट्टी हवीच.

शालेय शिक्षण विभागाला आमचे सांगणे थोडे लांब आहे, कारण मूल दिवसाचा मोठा भाग तिथे घालवते. मशीन लावले म्हणजे मुलाला सर्वांसारखे ऐकू येते, हा समज पहिल्या दिवशीच दूर करायला हवा. शांत खोलीत, समोरासमोर, एक-दीड मीटरवरून ते छान ऐकू शकते. वर्गात तीन गोष्टी आड येतात: अंतर, गोंगाट आणि घुमणे. बोलणारा दुप्पट लांब गेला की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असेल, तर शिक्षकांचे बोलणे त्यात विरघळून जाते. बहुतेक मुलांना एकाच कानाला इम्प्लांट असते, त्यामुळे आवाज कोणत्या बाजूने आला हे त्यांना कळत नाही. रस्ता ओलांडताना आणि सायकलवर हे घातक आहे, आणि वर्गात ‘कोण बोलले’ हे शोधण्यातच त्यांचा वेळ जातो.

जागा पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेत, मशीनचा कान शिक्षकांकडे आणि उरलेला कान भिंतीकडे. रस्त्याच्या खिडकीपासून आणि खडखडणाऱ्या पंख्यापासून दूर. फळ्याकडे तोंड करून बोललेले मुलापर्यंत पोहोचत नाही: आधी लिहा, मग वळा, मग बोला. मागच्या बाकावरच्या मुलाने उत्तर दिले तर ते शिक्षकांनी पुन्हा म्हणावे. न कळलेले वाक्य त्याच शब्दांत मोठ्याने ओरडून सांगू नये, वेगळ्या शब्दांत सांगावे. श्रुतलेखनात ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ ओठांवर एकसारखे दिसतात हे लक्षात ठेवावे. ‘घरात’, ‘घराला’, ‘घरातून’ यांतले शेवटचे अक्षर आपण हळू सोडतो आणि मुलाकडून तेच निसटते. म्हणून या मुलांच्या लिखाणात विभक्ती चुकते. ती बुद्धीची कमतरता समजून गुण कापण्याआधी हे आठवावे.

शिक्षकांच्या गळ्यात अडकवायचा वायरलेस मायक्रोफोन हा वर्गातला सर्वांत उपयोगी उपाय आहे. तो तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर असावा, आणि त्याचा रिसीव्हर मुलाच्या प्रोसेसरला जुळणारा असावा. खरेदीत नेमकी इथेच चूक होते: माईक येतो, रिसीव्हर जुळत नाही आणि पेटी कपाटात जाते. स्टाफरूममध्ये जाताना माईक बंद करावा, नाहीतर तिथले बोलणे मुलाच्या डोक्यात चालू राहते. गटचर्चेत माईक मुलांनी एकमेकांकडे द्यावा.

रोज सकाळी शाळेत अर्ध्या मिनिटाची तपासणी करता येते. म, ऊ, आ, ई, श, स हे सहा आवाज एकेक करून म्हणायचे. तोंडासमोर कागद धरायचा, पण तोंडाला टेकवायचा नाही, कारण हाताने तोंड झाकले तर ‘श’ आणि ‘स’ दबतात. दोन आवाजांत कमी-जास्त थांबायचे, नाहीतर मूल तालावर उत्तर देते. मुलाने तोच आवाज म्हणायचा किंवा ऐकू आला की मणी डब्यात टाकायचा. आधी एक मीटरवरून, मग तीन मीटरवरून. एकही आवाज आला नाही तर बॅटरी, वायर आणि कॉईल बघा. नुसते ‘श’ आणि ‘स’ गेले तर मायक्रोफोनचे कव्हर बघा आणि मॅपिंगला कळवा. काल सहा येत होते आणि आज चारच येतात, तर पालकांना त्याच दिवशी सांगा. मशीनवरचा दिवा लागला म्हणजे ऐकू येते असे समजू नका. दिवा मशीन चालू असल्याचे सांगतो, ऐकण्याचे उत्तर मूलच देते.

खो-खो, धावणे, क्रिकेट खेळू द्या; हेडबँड लावा आणि मशीनला दोरी-क्लिप असू द्या. कुस्ती आणि बॉक्सिंग टाळावे. कबड्डीत मशीन काढले तरी त्वचेखालच्या भागावर फटका बसू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत रात्री मशीन काढल्यावर मुलाला घंटा, आरडाओरडा, आग काहीच ऐकू येत नाही. त्याचा पलंग दाराजवळ असावा, त्याला हलवून उठवण्याची जबाबदारी शेजारच्या मुलाला नेमून द्यावी आणि जवळ विजेरी असावी.

परीक्षा केंद्रावर झडतीत प्रोसेसर ‘इलेक्ट्रॉनिक उपकरण’ म्हणून काढायला सांगितला जाऊ शकतो. काढला की मुलाला पर्यवेक्षकांच्या सूचनाही ऐकू येत नाहीत. प्रोसेसर, कॉईल आणि जादा बॅटऱ्या वैद्यकीय साधने आहेत असा एका पानाचा आदेश मंडळाच्या आणि प्रवेश परीक्षांच्या केंद्रांना दरवर्षी जावा. सूचना लेखी द्याव्यात.

आरोग्य विभागासाठी तीन गोष्टी. इम्प्लांट झालेल्यांना मेंदूज्वराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून न्यूमोकोकलची लस पूर्ण असावी. दोन वर्षांनंतर द्यायची २३ प्रकारांवरची लस नेहमीच्या लसीकरणात नाही, ती या मुलांना वेगळी द्यावी लागते. ताप, उलट्या आणि मान आखडणे किंवा इम्प्लांटच्या कानातून स्राव दिसला, तर प्राथमिक आरोग्य केंद्राने वाट न पाहता मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. दुसरे, एमआरआय. आत चुंबक आहे. काही मॉडेलना १.५ टेस्लापर्यंत (टेस्ला हे एमआरआयच्या चुंबकाच्या ताकदीचे माप) घट्ट पट्टी बांधून चालते, काहींचा चुंबक आधी काढावा लागतो, काही नवी मॉडेल ३ टेस्लालाही चालतात, म्हणून इम्प्लांट कार्ड न बघता कुणीही मुलाला यंत्रात सरकवू नये. एक्स-रे आणि सीटी बाहेरचे मशीन काढून करता येते. तिसरे, शस्त्रक्रियेत डोक्या-मानेजवळ मोनोपोलर कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवण्याचे साधन) वापरू नये, आणि फिजिओथेरपीतली शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युतलहरींचा शेक) इम्प्लांटच्या आसपास देऊ नये. ही माहिती मुलाच्या यूडीआयडी कार्डाला (दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राला) जोडून मिळावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १७ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत सहायक साधने मोफत द्यायला सांगते. वायर, बॅटरी आणि वॉरंटी संपलेला प्रोसेसर या वाक्यात बसतो असे आम्ही मानतो. आतले इम्प्लांट अनेक वर्षे टिकते, बाहेरचा प्रोसेसर तितका टिकत नाही, आणि मॉडेल जुने झाले की काही वर्षांनी कंपनी त्याचे सुटे भाग देणे थांबवते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी इम्प्लांट झालेले मूल दहावीच्या उंबरठ्यावर येते, नेमके तेव्हा त्याचे मशीन दुरुस्त होईनासे होते. खरेदीच्या करारातच पुढच्या दहा वर्षांच्या सुट्या भागांची हमी, त्यांचे ठरलेले दर, दुरुस्तीची मुदत आणि तेवढ्या काळासाठी तात्पुरता प्रोसेसर, हे लिहून घ्यावे. शासन एकत्र खरेदी करते तेव्हा ही अट घालण्याची ताकद शासनाकडे असते. एकट्या पालकाकडे ती कधीच नसते.

शेवटची गोष्ट मोजमापाची. आज अहवालात किती शस्त्रक्रिया झाल्या हा आकडा येतो. आजचे बहुतेक प्रोसेसर रोज किती तास चालू होते आणि कॉईल किती वेळ सुटलेली होती याची नोंद स्वतःच ठेवतात, आणि मॅपिंगच्या वेळी ती स्क्रीनवर दिसते. प्रत्येक मॅपिंगला हे दोन आकडे नोंदवहीत लिहावेत आणि दर सहा महिन्यांनी जिल्ह्याचा तक्ता तिन्ही विभागांकडे जावा. लहान मुलाचे रोजचे तास दहाच्या खाली दिसले, तर त्या महिन्यात विशेष शिक्षकाने घरी जाऊन बॅटरी संपते आहे, वायर तुटली आहे, त्वचा दुखते आहे की शाळेत मशीन काढून ठेवले जाते, हे पाहावे आणि कारण त्याच ओळीत लिहावे. हा तक्ता पुढच्या शैक्षणिक वर्षापासून सुरू करावा. त्याचा नमुना तयार करायला आणि विशेष शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले नम्र,
कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलांसोबत काम करणारे ऑडिओलॉजिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक